धान, कोळसा आणि हवामानबदलाचे धोरण

रायपूर शहराच्या जुन्या भागात, जयस्तंभ चौकापासून पायी थोड्याच अंतरावर गोल बाजार आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाला जे जे लागते ते सर्व या एका बाजारात मिळते, असे रायपूरचे लोक म्हणतात. किराणा, कापड, पूजेचे साहित्य, लग्नाचे बाशिंग, मातीची व पितळेची भांडी, बांबूची सुपे आणि टोपल्या, जंगलातून आलेल्या जडीबुटी आणि अंत्यविधीचे सामान अशा नाना वस्तू येथे शेजारी शेजारी विकल्या जातात. हवामानबदलासंबंधीच्या धोरणाचे विवेचन अशा बाजारापासून सुरू करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि या बाजारात येणारा पैसा कोठून येतो हे पाहिले, म्हणजे त्यामागील कारण ध्यानात येईल.

येथील गिऱ्हाइकांच्या हाती येणारा पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट धानाची. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी खरिपाचे धान विकतो आणि त्या पैशातून कापड, भांडी, लग्नाचे साहित्य घेतो. दुसरी वाट कारखान्यांची. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाचे कारखाने, भिलाईचा पोलाद कारखाना आणि या सर्वांना वीज व इंधन पुरविणाऱ्या कोळसाखाणी यांतून मिळणारे वेतन त्या वाटेने येते. धान पावसावर अवलंबून आहे आणि कारखाने कोळशावर. पृथ्वीचे तापमान वाढू लागल्याने पावसाची शाश्वती कमी होत चालली आहे, म्हणजे पहिल्या वाटेला धोका आहे. तापमानवाढ रोखण्यासाठी कोळशाचा वापर घटवावा लागणार आहे, म्हणजे दुसऱ्या वाटेलाही धोका आहे. रोगाने एक हात दुखावतो आणि औषधाने दुसरा. भारतासारख्या उभरत्या अर्थव्यवस्थांपुढील पेच थोडक्यात हाच आहे.

या विषयात दोन शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ आरंभीच स्पष्ट केलेला बरा. कर्बवायू आणि मिथेन यांसारख्या उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन कमी करणे, अथवा ते वायू वने व माती यांच्या द्वारे शोषून घेणे, याला शमन म्हणतात. जो बदल घडून गेला आहे अथवा आता टळणे शक्य नाही, त्याच्याशी जुळवून घेऊन हानी कमी करणे याला अनुकूलन म्हणतात. कोळशाऐवजी सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणे हे शमन होय. पाऊस लांबला तरी तग धरील असे बियाणे पेरणे हे अनुकूलन होय. या दोहोंमध्ये एक महत्त्वाचा भेद आहे. कोरब्यात एक टन कोळसा कमी जाळला तर त्याचा लाभ साऱ्या जगाला मिळतो. धमतरीतील एका शेतकऱ्याचे धान वाचले तर त्याचा लाभ त्या शेतकऱ्याला आणि फार तर त्याच्या गावाला मिळतो. त्यामुळे शमनासाठी जगातून पैसा येण्याची शक्यता अधिक असते आणि अनुकूलनाचा भार बहुधा ज्याच्या अंगावर संकट कोसळते त्यालाच उचलावा लागतो.

१९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे झालेल्या परिषदेत हवामानबदलासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला. जबाबदारी सर्वांची आहे, परंतु ती सर्वांची सारखी नाही, हे तत्त्व त्यात मान्य करण्यात आले. ज्या देशांनी दीड-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून समृद्धी मिळविली, त्यांनी आधी पाऊल उचलावे आणि इतरांना साहाय्य करावे, असा त्याचा आशय होता. आज एकूण उत्सर्जनात भारताचा क्रमांक जगात तिसरा लागतो. परंतु माणशी कर्बवायूचे उत्सर्जन पाहिले तर ते जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वाटाघाटींत श्रीमंत देश पहिल्या आकड्यावर बोट ठेवतात आणि भारत दुसऱ्यावर.

भारताने ३० जून २००८ रोजी हवामानबदलासंबंधीची राष्ट्रीय कृती-योजना जाहीर केली. सौर ऊर्जा, ऊर्जेचा काटकसरीने वापर, पाणी, शेती, हिमालय इत्यादी विषयांवरील आठ मोहिमा तीत अंतर्भूत होत्या. त्यानंतर राज्यांनीही आपापल्या योजना तयार केल्या. २०१५ च्या पॅरिस करारानंतर भारताने आपली उद्दिष्टे निश्चित केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती वाढविली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेने २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करणे आणि वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता खनिज इंधनांशिवाय उभी करणे, ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी दुसरे उद्दिष्ट २०२५ च्या मध्यावरच, म्हणजे मुदतीपूर्वी पाच वर्षे, गाठले गेले. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते. सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते. म्हणून देशातील प्रत्यक्ष विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप कोळशापासूनच मिळते.

हे झाले दिल्लीतील आणि परदेशांतील सभागृहांत ठरलेले धोरण. ते जेथे अमलात यायचे, त्या प्रदेशाला हवामानाच्या लहरींशी झुंजण्याचा जुना अनुभव आहे. १८५६ मध्ये छत्तीसगडात दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोल येथील एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्या रयतेत धान्य वाटले आणि आपण काय केले ते इंग्रज अधिकाऱ्याला स्वतः कळविले. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून त्यांना अटक झाली. पुढे ते तुरुंगातून निसटले, इंग्रजांविरुद्ध लढले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आले. आजचा जयस्तंभ चौक हेच ते ठिकाण, असे मानले जाते. दुष्काळात धान्य मुळीच नसते असे नाही. पुष्कळदा ते कोठारात असते आणि ते विकत घेण्याची ऐपत लोकांत नसते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांच्या अभ्यासातून जो सिद्धान्त मांडला, त्याचे हे सव्वाशे वर्षे आधीचे उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी, मध्य प्रांतावर पाठोपाठ दोन भीषण दुष्काळ कोसळले. त्यानंतर १९०१ मध्ये सरकारने सिंचन आयोग नेमला आणि महानदीच्या खोऱ्यात कालव्यांची कामे सुरू झाली. रुद्री येथे बंधारा झाला, १९२३ मध्ये माडमसिल्लीचे धरण पूर्ण झाले. त्या काळी अनुकूलन हा शब्द कोणी वापरीत नसे. पण दुष्काळानंतर पाण्याची कायम सोय करणे हे अनुकूलनच होते.

या कालव्यांच्या इतिहासात धमतरीजवळील कंडेल या गावाचे प्रकरण विशेष मननीय आहे. कालव्याच्या पाण्यासाठी गावाने दहा वर्षांचा करार करावा असा खात्याचा आग्रह होता. करारापोटी भरावयाच्या रकमेत गावाला स्वतःचा तलाव खोदता येईल, असा हिशेब करून शेतकऱ्यांनी नकार दिला. १९२० च्या पावसाळ्यात गावाने कालव्याचे पाणी चोरले असा आरोप ठेवून सरकारने सुमारे ४,००० रुपयांचा दंड बसविला. दंड भरण्यास गाव तयार होईना, तेव्हा जनावरे जप्त करून ती लिलावासाठी निरनिराळ्या आठवडी बाजारांत नेण्यात आली. एकाही बाजारात बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे या सत्याग्रहाचे पुढारी होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात महात्मा गांधी या भागात येण्याच्या सुमारास सरकारने दंड मागे घेतला.

कंडेलच्या शेतकऱ्यांना कालव्याचे वैर नव्हते. पाण्याची गरज किती, ते कधी हवे आणि त्याची किंमत काय, हे गावाला न विचारता ठरविले गेले, ही त्यांची तक्रार होती. गावाचा पर्यायी हिशेबही तयार होता. तो कोणी ऐकून घेतला नाही. अनुकूलनाची योजना तांत्रिक दृष्टीने कितीही उत्तम असली, तरी तिचा खर्च आणि तिचा निर्णय यांची वाटणी न्याय्य नसेल तर लोक तिच्या विरोधात उभे राहतात.

याच काळात रायपुरात दुसऱ्या एका मार्गाने प्रयत्न चालू होता. भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली होती. वामनराव लाखे हे अशाच मराठी समाजातील. माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ या १९०० साली निघालेल्या हिंदी मासिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९१३ मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक सुरू झाली, तिच्या उभारणीत लाखे अग्रणी होते. पाऊस हुकला की शेतकरी सावकाराच्या दारी जातो, आणि एकदा तेथे गेला की पुढील चांगला पावसाळाही त्याचे ऋण फेडू शकत नाही. ही साखळी तोडणे हा सहकारी पतपुरवठ्याचा हेतू होता. आज छत्तीसगडात सरकार धान खरेदी करते ते खेड्यापाड्यांतील सहकारी संस्थांच्या केंद्रांवरच.

या खरेदीचा विचार अनुकूलनाच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे. २०२३-२४ च्या हंगामापासून राज्यातील शेतकऱ्याला क्विंटलमागे ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलांपर्यंत खरेदीची हमी मिळू लागली. २०२४-२५ मध्ये सुमारे १४९ लाख टन धान खरेदी झाले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला आणि त्याचा काही भाग शहरांच्या बाजारपेठांतही पोचला, ही या धोरणाची जमेची बाजू होय. परंतु हमी धानालाच असल्याने शेतकरी धानापासून दूर जाण्यास कचरतो. धानाच्या शेतात साचून राहणाऱ्या पाण्यातून मिथेन निघतो, आणि विहिरीचे पाणी उपसून उन्हाळी धान घेतले तर भूजलही खाली जाते. शिवाय एकरी उत्पन्नावर भर आला की कमी दिवसांत येणाऱ्या, कमी पाण्यावर भागविणाऱ्या परंतु कमी उतारा देणाऱ्या जुन्या वाणांना जागा राहत नाही.

हे जुने वाण म्हणजे या प्रदेशाचे खरे धन होय. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीची नावे तिच्या गुणांवरून घेतो. उंचावरची मुरमाड जमीन भाठा, तिच्याखालची पिवळसर मटासी, नंतर डोरसा आणि सखलातील काळी कन्हार. वरच्या जमिनीत लवकर येणारे धान, खालच्या जमिनीत उशिरा येणारे. म्हणजे पाऊस लवकर संपला तरी सारेच पीक हातचे जात नसे. कापणीपूर्वी उभ्या धानातच लाख फेकून ठेवावयाची आणि मातीत उरलेल्या ओलाव्यावर दुसरे पीक घ्यावयाचे, या रीतीला तेथे उतेरा म्हणतात. धोका वाटून घेण्याची ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून सिद्ध झालेली आहे.

भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथील भात संशोधन संस्थेत काम करताना या वाणांचे १७,००० हून अधिक नमुने गोळा केले. बाहेरून आणलेल्या बुटक्या जातींपेक्षा स्थानिक वाणांमधूनच निवड करून, आणि तीही गावोगावच्या लहान केंद्रांतून, सुधारणा व्हावी असा त्यांचा आग्रह होता. तो त्या वेळच्या अधिकृत धोरणाशी जुळला नाही. त्यांची संस्था बंद करण्यात आली. संग्रह मात्र टिकला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आज धानाचे २३,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत. २००२ मध्ये या विश्वविद्यालयाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सहकार्याची बोलणी चालविली, तेव्हा शेतकऱ्यांनी जतन केलेले बियाणे कोणाच्या मालकीचे, या प्रश्नावरून मोठा विरोध झाला आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

अवर्षणात टिकणारे अथवा पुराखाली काही दिवस जगणारे धान कोणते, याचे उत्तर या संग्रहात दडलेले असण्याचा मोठा संभव आहे. परंतु शीतगृहात ठेवलेले बियाणे हे तिजोरीत ठेवलेल्या पैशासारखे असते. ते शेतात दरवर्षी पेरले गेले तरच बदलत्या पावसाशी त्याचा परिचय राहतो. खरेदीच्या हमीत अशा वाणांना, तसेच कोदो, कुटकी आणि कडधान्ये यांना धानाच्या तोडीचे स्थान मिळाले, तर त्याच खर्चात अनुकूलनही साधेल आणि मिथेनही घटेल. कोदो-कुटकीची आधारभावाने खरेदी राज्यात सुरू झाली, ते या दिशेने पडलेले पाऊल होते. धानाच्या मानाने ते फारच लहान आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळले पाहिजे. सोव्हिएत साहाय्याने उभा राहिलेला भिलाईचा कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. कोरब्याच्या कोळशाने तर अनेक राज्यांना वीज पुरविली आहे. रायपूरच्या आसपासचे स्पंज आयर्नचे कारखाने कोळशावर चालतात, आणि म्हणून त्यांच्या दर टन लोखंडामागे होणारे उत्सर्जन अधिक आहे. युरोपीय संघाने आयात होणाऱ्या पोलादावर त्यातील कर्बाच्या प्रमाणात आकार लावण्याची पद्धत १ जानेवारी २०२६ पासून अमलात आणली आहे. भारताच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ कशाला म्हणावे याची मोजपट्टी ठरविली, टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन ही तिची मर्यादा आहे. मोठ्या कारखान्यांना नवे तंत्र विकत घेता येईल. लहान कारखान्यांना भांडवल कोठून मिळणार आणि ते बंद पडले तर तेथील कामगारांचे काय, याचे उत्तर या मोजपट्टीत नाही.

खाणींची दुसरी बाजू हसदेव अरण्यात दिसते. सरगुजा आणि कोरबा भागांतील या घनदाट वनाखाली कोळसा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील आदिवासी सुमारे ३०० किलोमीटर पायी चालून रायपुरास आले आणि नव्या खाणींना विरोध नोंदवून गेले. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने या क्षेत्रातील खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. तरीही त्यानंतर तेथे वृक्षतोड झाली. वन तोडल्याने कर्बवायू शोषण्याची शक्ती घटते, नदीच्या पाणलोटाला हानी पोचते, आणि महुआ, तेंदू, जडीबुटी यांवर जगणाऱ्या कुटुंबांचा दुष्काळातील शेवटचा आधार जातो. शमन आणि अनुकूलन या दोहोंचे येथे एकाच कुऱ्हाडीने नुकसान होते.

दोन्ही उद्दिष्टे साधणारी कामेही या राज्यात झालेली आहेत. राजनांदगाव येथे २०२४ मध्ये १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प वीज साठविणाऱ्या बॅटऱ्यांसह सुरू झाला. तेथे दिवसाची वीज रात्री वापरता येते. १ नोव्हेंबर २०१६ रोजी आरंभ झालेल्या सौर सुजला योजनेतून शेतकऱ्यांना अल्प किमतीत सौर पंप मिळाले. पावसाने दगा दिला असता पंप पीक वाचवितो आणि डिझेल जाळीत नाही. मात्र फुकट मिळणाऱ्या उन्हाने पाणी उपसण्याला मर्यादा कोण घालणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो गावाच्या संमतीवाचून सुटणारा नाही.

शहरातील श्रमिकांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. नौतप्याच्या दिवसांत रायपूरचे तापमान ४४-४५ अंशांपर्यंत चढते. दुकानदार पंख्याखाली बसतो. पोती वाहणारा हमाल, हातगाडीवाला आणि रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसलेली भाजीवाली यांना ती सोय नाही. अहमदाबादने २०१० च्या उष्म्यात झालेल्या मृत्यूंपासून बोध घेऊन २०१३ मध्ये उष्णतेसंबंधीची कृती-योजना केली. आगाऊ इशारा, रुग्णालयांची तयारी, पाण्याची व सावलीची सोय या तिच्यातील गोष्टी फार खर्चिक नाहीत. प्रत्येक जुन्या बाजाराला अशी योजना हवी, आणि ती करताना २०१४ च्या कायद्यानुसार शहरात नेमावयाच्या पथविक्रेता समितीतील विक्रेत्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. सावलीचे छप्पर कोठे हवे हे उन्हात बसणाऱ्याला ठाऊक असते.

राहिला पैशाचा प्रश्न. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. तो आकडा त्या देशांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये प्रथम गाठला गेला. त्यातील मोठा भाग कर्जाच्या रूपाने आला, आणि अधिक वाटा शमनाकडे गेला. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचे नवे उद्दिष्ट ठरले. भारताने ते अपुरे म्हणून तेथेच आक्षेप नोंदविला. दुसऱ्याने ओढवलेल्या संकटावरील उपायासाठी कर्ज काढावे लागणे, ही तक्रार भारत जगापुढे मांडतो आणि ती न्याय्य आहे.

परंतु जगाकडून ज्या न्यायाची अपेक्षा करावयाची, तोच न्याय देशांतर्गत व्यवहारातही दिसला पाहिजे. दिल्लीने परदेशांत जे मागावे, ते कंडेलने १९२० मध्ये सरकारजवळ मागितले होते आणि हसदेवच्या लोकांनी २०२१ मध्ये रायपुरास येऊन मागितले: खर्चाचा भार ज्याने सोसावयाचा, त्याला निर्णयात स्थान असावे. शमनाचे लक्ष्य गाठले की ते आकड्यांत दिसते आणि त्याचा गौरव होतो. अनुकूलनाचे यश आकड्यांत सहसा दिसत नाही. पाऊस हुकलेल्या वर्षीही ज्या गावातील माणसे वीटभट्ट्यांवर मजुरीसाठी परमुलखात गेली नाहीत, बैल विकले गेले नाहीत आणि पुढील पेरणीसाठी घरात बियाणे शिल्लक राहिले, त्या गावात धोरण पोचले असे म्हणता येईल.